हॉस्पिटल बांधताय, पण पाड्याला विचारलंत का?

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले होते की मुंबईत नवीन हॉस्पिटल उभं राहतं तेव्हा शेजारच्या आदिवासी पाड्याला ते रिबीन कापायच्या दिवशी कळतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. आरोग्य खात्यात समाजविकासाचं काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे काही उत्तरं अनुभवातली आहेत आणि काही नुसती तिरसट, सांभाळून घ्या.

ताई, मी गोरेगाव पूर्वेला राहतो, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या मागे हॉस्पिटलसाठी राखीव प्लॉट आहे आणि आता तिथे हालचाल दिसतेय, म्हणून आम्ही रहिवाशांची मीटिंग लावतोय, त्यातून सूचना काढून वॉर्ड ऑफिसला देऊ. कमिटीतला एक जण म्हणतो पाड्यातल्या लोकांना वेगळं भेटायला जाऊ. मला पटत नाही. मीटिंग सगळ्यांना खुली आहे, ज्याला यायचं त्याने यावं. शेवटी सगळे मुंबईकरच ना?

मीटिंग रविवारी सकाळी अकराला ठेवलीय ना, क्लब हाऊसमध्ये? नसेल तर मी चहा पाजते. आता त्या वेळेला पाड्यातल्या बायका कुठे असतात ते बघा, स्टेशनबाहेर पाट्या मांडून बसलेल्या असतात, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं, मग टाकळा, कंटोळी, आणि रविवार हा त्यांचा सगळ्यात जास्त विक्रीचा दिवस. त्यातूनही एखादी आलीच तर तुमच्या गेटवरचा वॉचमन विचारणार कुणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर काय. मीटिंग खुली आहे हो, गेट बंद आहे.

एक प्रसंग सांगते. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, बरीच वर्षं झाली. अशीच मीटिंग होती, पडद्यावर थ्रीडी चित्र, काचेची लॉबी, समोर कारंजं, कारंज्यापाशी कुठल्या तरी परदेशी बाईचा बाबागाडी ढकलतानाचा फोटो चिकटवलेला. लोकांनी तासभर विचारलं काय, तर पार्किंग किती, ॲम्ब्युलन्सचा आवाज रात्री येणार का आणि शवागार आमच्या बाल्कनीच्या बाजूला नको. मागे चपलांपाशी पाड्यातल्या चार बायका खाली बसल्या होत्या, खुर्च्या रिकाम्या असून. उठता उठता साहेबांना त्यांची आठवण झाली, मावशी तुम्हाला काही विचारायचंय का? त्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरीसंगं आलेल्या बाईनं रातचं कुठं निजायचं?" लोक हसले. मग आर्किटेक्टने शीट उलटी-सुलटी करून पाहिली आणि तो हसायचा थांबला, कारण अख्ख्या प्रसूती विभागात पेशंटच्या माणसासाठी एक स्टूल होतं. एक स्टूल! आपल्याकडे लेक बाळंत होते तेव्हा आई, सासू, मावशी अशी निदान दोन माणसं सोबत असतात, हे पाड्यातच नाही, परळ-लालबागच्या चाळीतही तसंच, पण विचारलं फक्त तिने.

दुसरी बाई बोलायला उठली तेव्हा तर नकाशाच हलला. मेन गेट मोठ्या रस्त्याच्या बाजूला आणि पाडा बरोबर पाठीमागे. मधे कंपाउंड वॉल बांधली की रोजची पायवाट गेली, मग भिंतीच्या कडेकडेने गवतातून अर्ध्या तासाचा फेरा, आणि आरे कॉलनीच्या त्या जंगलपट्ट्यात अंधार पडल्यावर बिबट्या फिरतो ही काही बातमी नाही, तिथलं शेंबडं पोरही सांगेल. रात्री पोटात दुखायला लागलेल्या बाईला त्या वाटेने कोण नेणार? ही पायवाट नकाशात नव्हतीच. तो सगळा भाग छान हिरवा रंगवलेला होता.

म्हणून सेक्रेटरीसाहेब, वेगळं भेटायला जायचं ते कुणाला जास्त मान द्यायला नाही. त्यांना जे माहितीय ते तुम्हाला-मला माहीत नाही, त्यासाठी जायचं. गडचिरोलीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. हॉस्पिटल काढायच्या आधी त्यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्ही सरकारी हॉस्पिटलला का जात नाही. उत्तरं अशी आली की कुठल्या मीटिंगमध्ये सुचली नसती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. आमच्या माणसांना सोबत राहू देत नाहीत. तिथे देव नाही. आणि डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे, आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतात, मग असे कपडे घातलेला माणूस जीव कसा वाचवणार? मग हॉस्पिटल बांधलं ते झोपड्यांसारखं, नातेवाइकांना राहायला जागा ठेवून, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. यात एक रुपयाचं मशीन नाही, ऐकून घेतलं एवढंच.

आता काय करा ते थोडक्यात. संध्याकाळी सातनंतर पाड्यावर जा, त्यांच्या अंगणात बसा. थ्रीडी चित्र घरी ठेवा, कारण रंगीत चित्र दाखवलं की माणूस "छान आहे" म्हणतो आणि विषय संपतो. कोरा कागद न्या आणि विचारा की मागच्या वेळी घरातलं कोण आजारी पडलं, किती वाजता, कशात घालून नेलं, रिक्षावाल्याने किती मागितले, कुठे ताटकळत बसलात, घरी परत कसे आलात. बायकांशी बायकांनीच बोला, पुरुष असले की त्या पदर तोंडाला लावून गप्प बसतात आणि मग बाळंतपणाच्या खोलीबद्दल पाड्याचा पुढारी बोलतो. आणि "पाडा" म्हणजे एकच माणूस असं धरू नका, आरे आणि नॅशनल पार्कच्या बाजूला मिळून वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, कातकरी, दुबळा असे सगळे आहेत, त्यांच्यात एकमेकांबद्दल मतंही आहेत (तुमच्या ए विंग-बी विंगसारखीच). पाड्यातली शाळकरी मुलं मराठी फाडफाड बोलतात म्हणून आजीलाही तुमची "सुपर स्पेशालिटी"वाली मराठी कळते असं नाही. सोबत तिथलीच एखादी आशाताई किंवा अंगणवाडीची बाई घ्या.

नमस्कार ताई. माझी सून ऑस्ट्रेलियात नर्स आहे. ती सांगत होती की तिकडे नवीन हॉस्पिटल बांधायचं असेल तर तिथल्या अबोरिजिनल, म्हणजे मूळच्या लोकांना आधीपासून चर्चेत घेतात, आणि उद्घाटनाला झाडपाल्याचा धूर करतात. मला गंमत वाटली. एवढा पुढारलेला देश, आणि हे कशासाठी? दिखावा तर नाही ना? – एक सासूबाई, बोरिवली

काकू, धुराला हसू नका, आपण नवीन घरात वास्तुशांतीला होम करून डोळे चोळत बसतोच की. त्यांच्यात युकॅलिप्टससारख्या तिथल्या झाडांची पानं पेटवून धूर देतात, जागा शुद्ध व्हावी म्हणून.

पण हे कशासाठी, याचं उत्तर जरा कडू आहे. तिकडच्या कितीतरी अबोरिजिनल घरांमध्ये हॉस्पिटल म्हणजे भीतीची जागा. साधारण 1910 पासून 1970 च्या आसपासपर्यंत सरकार आणि मिशनवाले त्यांची पोरं आईबापांपासून काढून घेऊन जायचे, गोऱ्यांसारखं वाढवायला म्हणून, आणि काही बाळं तर प्रसूती वॉर्डातूनच गेली. त्या मुलांना आता 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात. 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याबद्दल जाहीर माफी मागितली. शिवाय खेडेगावातल्या अनेक हॉस्पिटलांमध्ये त्यांचे वॉर्ड वेगळे असायचे, कुठे तर मागच्या व्हरांड्यात खाट टाकायचे. आता ज्या आजीचं बाळ हॉस्पिटलात गेलं, तिची नात डिलिव्हरीला त्या दारातून हसत आत जाईल का? म्हणून तिकडे आजही अबोरिजिनल पेशंट डॉक्टरांनी सोडायच्या आधीच उठून निघून जायचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि कारण बऱ्याचदा औषधाचं नसतं, जागेचं आणि वागणुकीचं असतं.

त्या लोकांनी स्वतःच मार्ग काढला. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात अबोरिजिनल लोकांनी स्वतःची मेडिकल सर्व्हिस उघडली, त्यांच्याच लोकांनी चालवायची अशी पहिली. आज अशा संस्था 140 पेक्षा जास्त आहेत आणि सरकारला हॉस्पिटलबद्दल काही विचारायचं असेल तर समोर बोलायला माणूस असतो. 2020 च्या जुलैत सगळ्या सरकारांनी अबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ लोक) संस्थांच्या आघाडीबरोबर 'क्लोजिंग द गॅप'चा, म्हणजे त्यांच्यातली आणि इतरांमधली दरी कमी करण्याचा, नवा करार केला, त्यात तर निर्णय एकत्र बसून घ्यायचे हे कागदावरच आलं. कागदावर आलेलं सगळं होतं असं तिकडेही नाही म्हणा.

चर्चेतून निघतं काय ते सुनेला विचारा, ती जास्त सांगेल. माणूस शेवटच्या घटका मोजत असला की त्यांच्यात अख्खं गणगोत जमतं, वीस-तीस माणसं, मग दोन खुर्च्यांची खोली काय कामाची? म्हणून मोठी खोली, बाहेर थेट अंगणात उघडणारं दार, उघड्यावर गोल बसायची जागा. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं, बाळंतपणाच्या बाजूला परका पुरुष नको, वाटसुद्धा वेगळी हवी. बऱ्याच ठिकाणी मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, मग स्टाफला ते माहीत हवं. हॉस्पिटलात त्यांच्यातलाच एक माणूस नेमलेला असतो, लायझन ऑफिसर म्हणतात, पेशंटच्या आणि डॉक्टरच्या मधला दुवा. आपल्या मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवा अधिकारी असतात, तसंच काहीसं, फक्त आपल्याकडे त्यांच्या टेबलापुढे औषधाच्या पैशांसाठी अर्ज घेऊन लाइन असते आणि बोलायला त्यांना वेळ कुठून मिळणार.

आणि हो, तिथेही सगळे अबोरिजिनल एक नाहीत, गोरे आले तेव्हा त्या देशात 250 च्या वर भाषा होत्या. ज्यांच्या भूमीवर हॉस्पिटल होतंय त्यांनाच विचारायचं असतं, शेजारच्या जमातीच्या माणसाला बोलावून भागत नाही.

दिखाव्याचं म्हणाल तर तोही होतोच. भिंतीवर अबोरिजिनल शैलीचं ठिपक्यांचं मोठ्ठं चित्र काढायचं आणि आम्ही समाजाला सामावून घेतलं म्हणायचं, अशी टीका तिकडची माणसंच करतात. आपल्याला कशाला हसायला पाहिजे? वारली चित्रं आपण पुलाखाली काढतो, कुर्त्यावर छापतो, फाइव्ह स्टार हॉटेलच्या लिफ्टपाशी लावतो. तारपा नाचाचं चित्र भिंतीवर आणि त्याच भिंतीबाहेर वारली बाई केस पेपरच्या लाइनमध्ये उन्हात उभी, हे मी स्वतः बघितलंय.

मॅडम, मी पाड्यात राहतो, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे तीन-चार लोक आले, हॉस्पिटल होणार, तुमचं मत हवंय म्हणाले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ग्रुप फोटो काढला आणि गेले. नंतर काही कळलं नाही. कागदावर वर काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं नाही. माझे वडील म्हणतात पेसा कायदा आहे, आपल्या ग्रामसभेशिवाय काही होत नाही. खरं आहे का?

अरे बाळा, वडिलांना सांग, पेसा मुंबईत लागू नाही. 1996 चा तो कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणच्या, पंचायतींसाठी आहे, म्हणजे पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणूकडे आहे, आणि मुंबईचं नाव त्या यादीत नाही. तुमचे पाहुणे तिकडे असतील, त्यांच्याकडे चालतं म्हणून वडिलांना तसं वाटलं असेल. पाड्यापाड्यात हा गैरसमज आहे आणि त्याचा फायदा घेणारेही आहेत.

पण हात अगदीच रिकामे नाहीत. पहिलं काम, जमीन कोणाची ते काढ. सीटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा सर्व्हे नंबर) शोध, प्रॉपर्टी कार्ड बघ, महापालिकेकडून डीपी, म्हणजे विकास आराखड्याचा, रिमार्क घे, त्यात त्या प्लॉटवर आरक्षण कसलं ते कळतं. जमीन वनखात्याची असली तर 2006 चा वनहक्क कायदा येतो, तो अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. त्यातल्या कलम 3(2) मध्ये दवाखाना किंवा हॉस्पिटलसाठी वनजमीन देता येते, पण प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 च्या वर झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. शहरातल्या पाड्याची ग्रामसभा कोणती म्हणायची यावर साहेब लोक अडून बसतात, तेव्हा वनहक्काचं काम केलेला एखादा वकील गाठ, माझ्या कॉलमवर भांडू नकोस.

जमीन वनाची नसेल, आणि डीपीतलं आरक्षण बदलून तिथे हॉस्पिटल आणत असतील, तर एमआरटीपी ॲक्ट 1966, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 37 खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना महिनाभराची मुदत असते. ती नोटीस पेपरात इतक्या बारीक अक्षरात येते की चष्म्याच्या दुकानाची जाहिरात वाटावी. तुम्ही चार पोरं मिळून रोज एकाने पेपर बघायचा अशी पाळी लावा, खरंच. आधीपासूनच हॉस्पिटलचं आरक्षण असेल तर अशी नोटीस निघणारच नाही, म्हणून तर डीपी रिमार्क आधी काढायचा.

आणि त्या सह्यांचं. आरटीआय टाक, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर 30 दिवसांत यायला हवं. मोघम विचारू नकोस, "हॉस्पिटलबद्दल माहिती द्या" म्हटलं की मोघमच उत्तर येतं. असं विचार, अमुक तारखेला आमच्या पाड्यात झालेल्या बैठकीचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, सह्या असलेल्या कागदाची सर्व पानं आणि त्यावर पुढे केलेल्या कार्यवाहीची प्रत. मी एकदा असा कागद बघितलाय, खाली अंगठे आणि वर "सर्व ग्रामस्थांनी प्रकल्पास एकमताने संमती दर्शवली". लोकांना विचारलं तर ते म्हणाले मच्छरदाणी देणार होते ना, त्याची सही.

यापुढे कुणी आलं तर इतिवृत्त तिथेच बसून, मराठीत, मोठ्याने वाचून घ्यायचं आणि एक प्रत पाड्यातच ठेवायची. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढायचा. रिकाम्या कागदावर सही नाही, अगदी ओळखीच्या माणसाने दिला तरी.

आमच्या कोळीवाड्याजवळ प्रसूतिगृहाची जुनी इमारत पाडून नवीन मोठं हॉस्पिटल करायचं म्हणतात. आमच्या बायकांना त्यात काय विचारायचं, आम्हाला बांधकामातलं काय कळतंय?

बांधकामातलं कळायची गरजच नाही हो. तुम्ही पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जाता, परत आल्यावर बाजार, म्हणजे सकाळची ओपीडी तुमच्यासाठी नसतेच. ओपीडी दुपारनंतर हवी हे सांगा. जुनी इमारत पाडल्यावर नवीन होईपर्यंत बाळंतपणं कुठे होणार हे आधी विचारा, तारीख लिहून मागा, कारण पाडायला महिना लागतो आणि बांधायला किती ते कुणी सांगत नाही. एवढे दोन प्रश्न पुरे.

मी आर्किटेक्ट आहे, तरुण आहे, आणि खरं सांगायचं तर वैतागलोय. लोकांना विचारत बसलं की प्रत्येकाचं वेगळं, एकाला लिफ्ट हवी, एकाला देऊळ हवं. असं करत बसलो तर हॉस्पिटल होणारच नाही. इमर्जन्सीची जागा आहे, तज्ज्ञांनी ठरवावं ना.

ऑपरेशन थिएटरमधली हवा कशी खेळवायची, ऑक्सिजनची पाइपलाइन कुठून न्यायची, हे तज्ज्ञांनीच ठरवायचं, त्यात म्हातारीला विचारून काय करणार? पण दार कुठल्या बाजूला आणि रात्री सोबत कोण झोपणार हे तुम्हाला कॉलेजात शिकवलेलं नाही.

वेळेचं म्हणाल तर न विचारल्याने वेळ वाचतो हे मला पटवून द्या. मुंबईचा विकास आराखडा आठवतो? फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा आला, त्यात चुकाच इतक्या निघाल्या, हरकतींचा असा पाऊस पडला की दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला, आणि डीपी 2034 मंजूर व्हायला 2018 उजाडलं. मंजुरी मिळाल्यावर भिंत पाडून मागचं गेट काढायला काय खर्च येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

आणि देवळाचं एवढं मनावर घेऊ नका. आरेतल्या वारल्यांचा वाघोबा बघितलाय का? शेंदूर फासलेला, झाडाखाली, त्याला ना गाभारा ना कळस. तुमच्या प्लॉटवर असा एखादा दगड असेल तर सर्व्हेवाल्याने तो "बोल्डर" म्हणून नोंदवलेला असणार, जेसीबीवाल्याला तेवढं बघून घ्यायला सांगा. माझ्या त्या म्हातारीच्या हॉस्पिटलात शेवटी प्रसूती वॉर्डाबाहेर एक लांब खोली निघाली, बारा बायका झोपतील एवढी, भिंतीला खुंट्या, कोपऱ्यात मोरी. प्लॅनमध्ये तिचं नाव "मल्टिपर्पज हॉल" पडलं कारण नियमात दुसरं नाव बसत नव्हतं. मागचं गेट मात्र झालं, आणि सिक्युरिटीने त्याला रात्री आठला कुलूप लावायला सुरुवात केली. चावी कुणाकडे राहणार, यावर परत तीन मीटिंगा झाल्या.